‘शे’वरचे व्याख्यान

गोरक्ष अहिरे नाशकात प्राध्यापक झाला आणि सटाण्याकडची आपली अहिराणी बोली त्याने चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली. वर्गात काय, घरात काय, ‘आहे’शिवाय बात नाही. आई गावाहून आली की चारचौघांत तिला गप्प बसवण्याची कलाही साहेबांना छान साधली होती.

अठ्ठ्याण्णव साली वाचनालयात त्याचे व्याख्यान ठरले, तेही एका इवल्याशा शब्दावर: ‘शे’. मराठीत तो शंभराचा, संस्कृत ‘शत’वरून आलेला. बंगाली माणसाच्या तोंडी ‘शे’ म्हणजे तो किंवा ती. इंग्रजाचा ‘शी’ जवळपास तसाच, पण फक्त बाईपुरता. आणि अहिराणीत ‘शे’ म्हणजे आहे, गुजरातीच्या ‘छे’चा भाऊबंद. आवाज सारखे, पण कुळे एक नाहीत, हे त्याने असे काही रंगवून सांगितले की सभागृह खूश झाले.

मग त्याने टेप लावली. दिवाळीत गावी जाऊन आईचाच आवाज भरून आणला होता. “घरमा बाजरी शे, दूध शे, मना आंडोर नाशिकमा शे...” आंडोर म्हणजे मुलगा, हे त्याने समजावून सांगितले. त्यापुढे आईने त्याचे नाव घेतले होते. तेवढे त्याने आधीच पुसून टाकले होते.

तो ठसका ऐकून लोक खो खो हसले. कुणीतरी विचारले, “कोण हो ही?”

“सटाण्याकडची एक बाई,” गोरक्षही हसत म्हणाला. “अगदीच अडाणी.”

आणि त्याची नजर मागच्या रांगेवर गेली. न सांगता बायको, ज्योत्स्ना, आईला घेऊन आली होती. आपला आवाज अख्खे नाशिक ऐकणार म्हणून धोंडाबाई ठेवणीतले लुगडे नेसून बसल्या होत्या.

अजून वेळ गेली नव्हती. ही माझी आई, एवढेच तर म्हणायचे होते. पण पोपटासारखी चालणारी जीभ तिथेच अडली आणि त्याने घाईघाईने पुढचा मुद्दा घेतला.

चहाच्या वेळी अध्यक्षांच्या पत्नी मोहिनीताई धोंडाबाईंपाशी थांबल्या. “तुम्ही कुणाबरोबर आलात?”

ज्योत्स्ना तोंड उघडणार, तोच सासूने तिचा हात दाबला.

“मी सटाण्याकडची एक बाई आहे,” एकेक शब्द जपून टाकत त्या म्हणाल्या. “सरांनी माझा आवाज भरून घेतला.”

पोटच्या पोराला सर! हातात कपबशी घेऊन गोरक्ष जवळच उभा होता. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“अगबाई, पण तुम्ही तर किती शुद्ध बोलता!” मोहिनीताई कौतुकाने म्हणाल्या.

धोंडाबाईंनी लेकाकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तरी त्याला बरे वाटले असते. जमले ना रे मला, एवढेच ती विचारत होती.

आणि गोरक्षने होकारार्थी मान हलवली.