तीन मैल भिंतीवरून

डॉक्टर अरुणा दामल्यांनी इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात तीस वर्षं पेशंटना भूल दिली. रिटायर झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांचाच हिप बदलावा लागला. सगळा हिवाळा सोफ्यावर गेला. सोबतीला अकरा वर्षांची नात आर्या आणि रोमन सिनेमांच्या डीव्हीडी. आर्याला शाळेत रोमन इतिहास होता, त्यामुळे ती सिनेमा थांबवून आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मोडक्या मराठीत चुका काढायची.

"आजी, असा हेल्मेट नव्हता त्यांचा!"

एकदा अरुणाताईंनी विचारलं, "इथली रोमन भिंत बघायला जायचं का?"

"बघायला नाही. चालायला."

आणि २००५च्या जूनमध्ये दोघी खरंच उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियन या रोमन सम्राटाच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. पलीकडच्या हाउसस्टेड्स किल्ल्यापर्यंत तीन मैल, सगळे चढउताराचे. अरुणाताईंचे यजमान जयंतराव गाडी घेऊन तिकडे जाणार होते.

"अगं, फिजिओ अर्धा मैल म्हणाली होती," ते कुरकुरले.

"ते फेब्रुवारीत, अहो."

पहिला कडा त्या काठी टेकत, दगडी पायऱ्यांवर बसत-उठत चढल्या. खाली तळं चमकत होतं, वारा कानात घुसत होता. अर्ध्या वाटेवर मात्र मांडीत गोळा आला. समोर आणखी चढ होता आणि उजवीकडे शेतातली वाट थेट रस्त्यावर उतरत होती. त्यांनी जयंतरावांना फोन लावला.

"थांब तिथेच, मी आलोच!"

त्या भिंतीला टेकून बसल्या. आर्याने दगडावर हात ठेवला.

"आजी, या भिंतीवर सिरियाचे सोल्जर्स पण होते. किती लांबून आले! त्यांना किती थंडी वाजला असेल!"

अरुणाताईंना इंग्लंडमधला आपला पहिला हिवाळा आठवला. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी, साडीवर ओव्हरकोट, बधिर झालेली बोटं आणि तरीही वेळेवर गाठलेली पहिली ड्यूटी. सिनेमात त्यांनी सम्राट पाहिले होते. असे ड्यूटीवरचे लोक कधी पाहिले नव्हते.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "अहो, येऊ नका. किल्ल्यावरच थांबा."

"अगं पण—"

"दोन तास लागतील. लागू देत."

दहा पावलं, मग श्वास. पुन्हा दहा पावलं. आर्या मोठ्याने मोजत होती. शेवटच्या कड्यावर तर अरुणाताई हातांनी दगड धरून चढल्या. मग झाडी आली, तिथे भिंतीच्या माथ्यावरूनच वाट होती, आणि झाडी संपताच समोर किल्ला.

दारात जयंतराव उभे होते. ते एकदम ओरडले, "आली! माझी बायको आली! सहा महिन्यांपूर्वी हिप बदललाय तिचा!" आजूबाजूचे इंग्रज ट्रेकर आधी दचकले, मग टाळ्या वाजवू लागले. आर्याने आजीची काठी भाल्यासारखी उंच धरली.

अरुणाताईंचे डोळे भरून आले होते, पण हसू आवरत नव्हतं.

"आता बसायचंय ना?" जयंतरावांनी थर्मास पुढे केला.

"बसते कसली! आर्या, त्या सैनिकांच्या शौचालयाचे अवशेष कुठे आहेत म्हणालीस? चल, दाखव मला."