घाईवाल्यांची अवलाद

फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे माशीकाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत, एवढाच काय तो मान. काम असं: माश्यांनी रस चोपडलेल्या, भोकं पाडलेल्या बाटलीत अंडी घालायची, काकांनी ती गाजराच्या लगद्यावर पसरायची. अळ्या खाऊन गलेलठ्ठ झाल्या की टुणकन उडी मारून खालच्या वाळूत पडत. तिथे कोष, कोषातून माशी, माशीची पुन्हा अंडी. नुसतं रहाटगाडगं. त्यात काकांचे खांदे झिजले होते.

आज परीक्षा होती. काकांचे निर्बीज केलेले नर जाळीतल्या पेरूच्या झाडावर रानातल्या माद्यांना भुलवणार होते. जमलं, तर बागेत नुसती पोकळ अंडी पडणार, फळांत अळी नाही. नाही जमलं, तर सगळा वंश फेकून रानमाश्यांपासून नव्याने श्रीगणेशा. आणि रानमाशी बाटलीकडे ढुंकूनही बघत नाही. तिला वळण लावायच्या नुसत्या विचाराने काकांना बसावंसं वाटे.

दुपारभर नर पंख फडफडवत नाचले. माद्या पानांखाली ढिम्म. दिवस कलल्यावर त्या सावकाश बाहेर आल्या, तर नर गपगार.

"काका, तुमची पोरं ऑफिस सुटल्यासारखी बसलीत," बाई म्हणाल्या. बाई हुद्द्याने मोठ्या, वयाने काकांच्या लेकीएवढ्या.

"दमली असतील."

"पुढच्या पिढीला अळ्या कुठल्या धरता?"

"पहिल्या उड्या मारतील त्या. ट्रे धुऊन निघायचं असतं ना वेळेवर."

"आणि मागून उडी मारणाऱ्या?"

"गरम पाण्यात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे इतकी वर्षं घाईवाल्यांचीच अवलाद वाढवलीत. घाईने मोठी होतात, लग्नंही दुपारीच उरकायला बघतात. रानातल्या बायका संध्याकाळच्या."

काकांनी जाळीला नाक लावून नरांकडे पाहिलं. "माझ्यावर गेली म्हणायची."

"हुबेहूब. आता नवीन वंश. या खेपेला शेवटची अळी पडेपर्यंत कुणीतरी थांबायचं."

"कुणीतरी," काका म्हणाले. त्या प्रयोगशाळेत या शब्दाचा अर्थ नेहमी एकच माणूस असे.

बादली घेऊन ते बागेत गेले. पडलेला एक पेरू उचलून दाबला. मऊ होता, आत रानमाशीच्या अळ्यांची वळवळ होती. तो बादलीत टाकला आणि दुसऱ्यासाठी वाकण्याआधी कमरेवर हात ठेवून जरा तसेच उभे राहिले.