गादीवाल्याच्या कारखान्यातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. धूर किंवा ज्योत दिसली की ओरडणारा. माणसांविषयी माझे मत फारसे बरे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका गादीवाल्याच्या मुलीने मला घडवले. स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर, धूर ओळखणारा एक सेन्सर, ज्योत हेरणारा दुसरा, आवाजाला मोडक्या खेळण्यातला बझर, सोबतीला एक लाल दिवा आणि अंगावर साबणाची डबी. विझवलेल्या मेणबत्तीचा धूर पुन्हा पुन्हा दाखवून तिने मला शिकवले, की केव्हा गप्प बसायचे आणि केव्हा बोंब मारायची. मग घराच्या पुढच्या भागातल्या कारखान्यात मला उंचावर टांगले. मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा घरादाराने टाळ्या वाजवल्या. थोरले काका तर गिऱ्हाइकांना बोलावून मला दाखवत. जणू त्यांनीच मला जोडले होते.

हे कौतुक त्यांच्या पहिल्या सिगारेटपर्यंत टिकले. कापसाच्या ढिगाला टेकून हे महाशय धूर सोडत आणि मी ओरडलो की दोष माझा! बाहेर जाऊन ओढा, असे पुतणीने परोपरीने सांगितले. काका उठले, पण स्टुलावर चढायला. त्यांनी माझ्या तोंडात कापूस कोंबला आणि वर चिकटपट्टी मारली. मुलीच्या वडिलांनी ते पाहिले आणि पेपरात डोके खुपसले. थोरल्या भावापुढे यांची जीभ कधी उचलली आहे?

एका दुपारी काका पेटते थोटूक तिथेच टाकून जेवायला गेले. कापूस आतल्या आत धुमसू लागला. मागच्या खोलीत काकू तापाने झोपली होती. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण आवाज निघाला डासाएवढा. नशीब, मुलगी कापड न्यायला आली. माझा लाल दिवा पाहून तिने आधी काकूला ओढत बाहेर काढले, मग पट्टी ओरबाडली. माझ्या आवाजाने सगळे धावले. आग विझली, पण काकूचा हात भाजला.

अंगणात काका शेजाऱ्यांना सांगत होते, की हे डबडे कुचकामी, वेळेवर वाजलेच नाही.

काकूचा घसा धुराने बसला होता. तरी ती बोलली, "त्याचं तोंड तुम्ही बांधलंत. आता ते इथेच राहील. तुमची सिगारेट नाही."

तो दिवस मला फार आवडतो.

मित्रांनो, तुमच्या टाळ्या मला नकोत. अधूनमधून धूळ पुसा, कळ दाबून माझा आवाज तपासा. आणि मी ओरडलो, तर माझ्यावर डाफरण्याआधी घरात कोण झोपले आहे ते बघा.