मरळ कुणाची

तू मासे कशाला धरतोस, असं काशीरामला कुणी विचारलं असतं तर त्यानं विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पोटासाठी म्हणावं, तर रोडपालीच्या माणसाच्या उशाशी खाडी. जाळं टाकलं की घरचं कालवण भागतं. त्यासाठी दीड कोस तंगडतोड करत पनवेलच्या तळ्यावर यायची आणि गळ टाकून दुपारभर मांडी घालून बसायची काहीच गरज नव्हती. पण काशीराम यायचा. मिठागरावर काम नसलं की दर रविवारी यायचाच, आणि हे वीस वर्षं चाललं होतं.

तिथं शुक्रा असायचा. विचुंबे गावाच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी होती, तिथला. एक खाडीकाठचा आगरी, एक डोंगराकडचा कातकरी. ना नातं, ना गोतं. पण तळ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, करंजाखाली, दोघांच्या ढुंगणांनी जमिनीत दोन खळगे पाडले होते. गळाच्या दोरीला भेंडाचा तुकडा बांधायचा, तो पाण्यावर सोडायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. बोलणं फारसं नाही. तंबाखूची चंची इकडून तिकडे जायची, तेवढंच.

मधे एक टोपली असे. शुक्रानंच विणलेली. ज्याला मासा लागेल त्यानं तो त्या टोपलीत टाकायचा. सांज झाली की टोपली उपडी करायची आणि डोळ्यांच्या अंदाजानं दोन वाटे करायचे. शुक्राच्या घरी खाणारी तोंडं जास्त असली की त्याचा वाटा थोडा मोठा. काशीरामकडे पाहुणा असला की त्याचा. कुणाचा मासा कुठला, हे वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मुळी दोघांना ठाऊक नव्हतं.

छपन्न साली, पाऊस सरल्यावर, पनवेलच्या काही हौशी मंडळींच्या डोक्यात मासे पकडण्याची शर्यत भरवायचं आलं. पंच म्हणून नेमले धर्मराज मास्तर. हे शाळेत ड्रिल शिकवायचे आणि गळ्यात शिट्टी घातल्याशिवाय त्यांना जेवणही जात नसावं. मुंबईहून एस्टीनं काही लोक येणार होते, चरखी लावलेल्या विलायती काठ्या घेऊन. पहिलं बक्षीस कोरी करकरीत गॅसबत्ती. अख्ख्या रोडपालीत तशी एकच बत्ती होती, आणि लग्नकार्यात ती डोक्यावर घेऊन पुढे चालणारा माणूस नवरदेवापेक्षा ताठ चालायचा.

"तुमी दोघं वीस वर्सं बसताव तितं," काशीरामची बायको भामा म्हणाली, "तुमाला न्हाय तर कोनाला गावंल ती बत्ती?"

काशीरामनं नाव दिलं. शुक्राचंही दिलं. मास्तरांनी दोघांच्या छातीला कागदाचे आकडे टाचले, सात आणि आठ, आणि नियम वाचून दाखवले. शिट्टी वाजली की गळ टाकायचा, दुसरी वाजली की काढायचा, ज्याचं वजन जास्त तो पहिला. दोघांनी माना डोलावल्या. मान डोलावणं आणि समजणं यात केवढं अंतर असतं ते मास्तरांना इतकी वर्षं वर्गात उभं राहूनही उमगलं नव्हतं.

शिट्टी वाजली, आणि काशीरामला एक नवलच कळलं. तेच तळं, तोच करंज, तेच भेंड, पण छाती धडधडत होती. भेंड जरा हललं की हात काठीकडे धावत होता. पलीकडे एका टोपीवाल्या मुंबईकरानं मासा काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काशीरामला त्या माणसाचा राग आला. कधी न पाहिलेल्या माणसाचा! मग त्याच्या स्वतःच्या गळाला मिशाळ शिंगटी लागली तेव्हा त्याच टाळ्या त्याच्यासाठी वाजल्या, आणि त्या टाळ्या त्याला गुळासारख्या गोड लागल्या. वीस वर्षांत इतके मासे काढले, त्यांतल्या एकाचीही अशी चव लागली नव्हती. मग आजवर आपण करत होतो ते काय होतं? आणि हे काय आहे? काशीराम पार गोंधळून गेला. पण विचार करायला वेळ नव्हता, भेंड पुन्हा हललं होतं.

शुक्राकडे बघावं, तर त्याचेही डोळे चमकत होते. चंची दोघांच्या मधे तशीच पडून होती.

दुसरी शिट्टी जवळ आली असताना काशीरामच्या दोरीला असा हिसडा बसला की काठी हातातून सुटते की काय असं झालं. मरळ होती, मोठी. ती शेवाळात घुसली, दोरी ताणली, आता तुटणार म्हणेपर्यंत शुक्रा आपली काठी टाकून कमरेइतक्या पाण्यात उतरला होता. त्यानं शेवाळात दोन्ही हात घातले, मरळ कल्ल्यात बोटं घालून धरली आणि वर आणून टोपलीत टाकली. लोक ओरडले. दोघंही हसले. दुसरी शिट्टी झाली.

आणि मग फजिती झाली. धर्मराज मास्तर तराजू घेऊन आले आणि म्हणाले, "सात नंबर, तुमची टोपली?"

काशीरामनं टोपली पुढं केली.

"आठ नंबर?"

शुक्रानं त्याच टोपलीकडे बोट केलं.

मास्तर थांबले. "एकच? मग यातले तुमचे कुठले आणि याचे कुठले?"

"मना काय ठाव?" काशीराम म्हणाला. "मासं हायेत ते."

गर्दीत खसखस पिकली. मास्तर मात्र हसले नाहीत. सगळी टोपली तोलली ती सात शेर भरली. टोपीवाल्याचे मासे चार शेर होते, आणि त्याच्या वर दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी डोकं खाजवलं, आणि मग मुलांना गणित समजावतात तसं सांगितलं, "हे पाहा, बारीकसारीक मासे दोघांचे निम्मेनिम्मे धरू. अडीच शेर याचे, अडीच शेर त्याचे. राहिली ही मरळ. दोन शेराची आहे. मरळ ज्याची तो पहिला. कुणाचीच नसेल तर बत्ती टोपीवाल्या साहेबांची. बोला, मरळ कुणाची?"

काशीराम मरळीकडे बघत राहिला. गळ आपला होता हे खरं. पण दोरी तुटत होती हेही खरं. शुक्रा उतरला नसता तर मरळ तळ्याचीच राहिली असती. गळ माझा, हात त्याचा. मग मासा कुणाचा? असला प्रश्न त्याला बापानं शिकवला नव्हता की देवानं घातला नव्हता. मागं भामा उभी होती. गॅसबत्ती टेबलावर उन्हात लखलखत होती.

त्यानं शुक्राकडे पाहिलं. शुक्रा त्याच्याकडेच बघत होता. अंगावरून पाणी ठिबकत होतं. शुक्राचं तोंड उघडलं, तो काहीतरी बोलणार होता.

"माजी," काशीराम म्हणाला.

आपला आवाज इतक्या घाईनं कसा निघाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. टाळ्या कडाडल्या. मास्तरांनी त्याच्या हातात बत्ती दिली. शुक्राचं तोंड मिटलं. मग तो हसला, आणि तोलताना रिकामी झालेली टोपली झटकून खांद्याला अडकवत म्हणाला, "बरं जालं दादा. बत्ती आपल्याकडं आली."

आपल्याकडं. तो शब्द काशीरामच्या मनात रोडपालीपर्यंत सलत राहिला.

आठवडाभर बत्ती आढ्याला टांगलेली होती. सगळी आळी बघून गेली. काशीरामला मात्र तिच्याकडे बघवेना. मासे वाटून घेता येतात, बत्ती कशी वाटायची? सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने आपल्याकडे? पण शुक्राच्या झोपडीत बत्ती टांगायची कुठं? आणि तिला घासलेट कोण घालणार? असल्या सबबी त्याला भराभर सुचत होत्या, आणि सबबी इतक्या भराभर सुचतात याचीच त्याला लाज वाटत होती. या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट होती. तेव्हा शुक्रा काय बोलणार होता? 'दादाची' म्हणणार होता की 'माजी'? 'दादाची' म्हणणार असेल, तर आपण घाई करून त्याचं देणं त्याच्या तोंडातून काढून घेतलं. आणि 'माजी' म्हणणार असेल, तर आपण त्याची मरळ चोरली. दोन्हीकडून तोंड काळंच. आणि तरीही, हे त्याला कुणाला सांगवत नव्हतं, त्या टाळ्या आठवल्या की बरं वाटत होतं.

रविवारी तो तळ्यावर गेला. बत्ती बरोबर न्यावी की नाही यात अर्धी सकाळ गेली. शेवटी नेली नाही. करंजाखाली शुक्रा आधीच येऊन बसला होता. त्याच्यासमोर जुनी टोपली होती. आणि काशीरामच्या खळग्यासमोर दुसरी, हिरव्या बांबूची, नवी कोरी.

"ही तुजी," शुक्रा म्हणाला. "रातभर बसून न्हाय विनली, आपली सवडीनं केली. पुढल्या साली मास्तरनी इचारलं तर घोटाला नको."

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. काशीरामनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, पण तिथंही काही सापडलं नाही. शुक्रा शिव्या देता तर फार बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दोघांनी गळ टाकले. बऱ्याच वेळानं काशीराम म्हणाला, "शुक्रा, त्या दिशी तू काय बोलनार व्हतास?"

"कवा?"

"मास्तरनी इचारलं तवा. मरल कोनाची म्हून. तुजं तोंड उगरलं व्हतं."

शुक्रानं भेंडावरची नजर काढली नाही. "आता काय ध्यानात हाय दादा," तो म्हणाला. "तुजं भेंड हाललं बग."

काशीरामनं काठी उचलली. छोटा मासा होता, बोटभर. तो हातात तडफडत असताना काशीरामचा हात दोन टोपल्यांच्या मधे थांबला. जिथं वीस वर्षं टोपली असायची तिथं आता नुसती माती होती. शेवटी त्यानं मासा नव्या टोपलीत टाकला. थोड्या वेळानं शुक्राला मासा लागला, तो त्यानं जुन्या टोपलीत टाकला. चंची इकडून तिकडे गेली, नेहमीसारखी.

सांजेला वाटे करायचेच नव्हते. दोघं उठले, आपापली टोपली उचलली आणि आपापल्या वाटेला लागले.

घरी भामा चुलीपुढं होती. दर रविवारी विचारायची तसं तिनं मान वर न करता विचारलं, "काय गावलं?"

वीस वर्षं काशीराम एकच उत्तर देत आला होता, 'गावलं तवरं गावलं.'

"मना तीन," तो म्हणाला. "शुक्राला पाच."

भामाचा हात थांबला. तिनं वर बघितलं, नव्या टोपलीकडं, मग नवऱ्याकडं. "म्हंजे आज तो जितला म्हना," ती हसून म्हणाली.

काशीराम हसला नाही. तळ्यापासून इथवर, अख्खा दीड कोस, त्याच्याही मनात तेच चाललं होतं.