लिफ्टसमोरचा दहीभात

लिफ्टसमोर पुन्हा दहीभात ठेवला होता. वर कुंकू, बाजूला कापलेलं लिंबू आणि अर्धवट जळलेला कापूर. आठ दिवसांत तिसऱ्यांदा. आमच्या दारापासून चार पावलांवर, आणि आत माझी सात वर्षांची राही तापाने फणफणलेली. दिवेलागणीची वेळ होती. रविराज, माझा नवरा, औषध आणायला खाली गेला होता. राहीला झोप लागली आहे एवढं बघून मी तशीच, कणकेच्या हातांनी, पहिल्या मजल्यावर चेअरमनच्या दारात जाऊन उभी राहिले.

मच्छिंद्रकाका वाकचौरे आमच्या सोसायटीचे चेअरमन. सगळी नोकरी लष्कराच्या स्टोअरमध्ये झालेली, त्यामुळे अर्जाशिवाय त्यांना माणूस दिसत नाही.

"काका, कॅमेऱ्यात कोण आहे ते दाखवा."

"कॅमेरा बंद आहे, रुपाली."

"लाल दिवा लागलेला दिसतोय मला."

"दिवा लागतो, रेकॉर्डिंग होत नाही. तू अर्ज दे. मीटिंगमध्ये विषय घेऊ."

पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, पासवर्ड मुलाकडे आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, टीव्ही बिघडलाय. आता कॅमेराच बंद. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि बोलताना ते माझ्याकडे बघतही नव्हते. डोक्यात तिडीक गेली.

घरात बोलून उपयोग नव्हता. रविराज विज्ञानाचा मास्तर. सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या शाळांत जाऊन तळहातावर कापूर जाळून दाखवतो, पाण्याने दिवा पेटवतो आणि पोरांना सांगतो की करणीबिरणी काही नसतं. पंधरा वर्षं हेच करतोय. दहीभाताचं सांगितलं तर म्हणाला, "असेल कुणी मूर्ख. तू राहीकडे बघ."

राहीकडे बघूनच तर मी घाबरले होते. कुठे न आपटता तिच्या पायांवर निळे डाग उठत होते. दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचं. इथल्या डॉक्टरांनी रक्त पुण्याला तपासायला पाठवलं होतं आणि तो रिपोर्ट काही केल्या येत नव्हता. मी बीकॉम झालेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण लेक अशी झिजत चालली असताना दाराबाहेर कुणी लिंबू कापून ठेवलं की शिक्षण गुंडाळून ठेवावं लागतं. मागच्या वेळी दवाखान्यातून परत आलो तेव्हा राहीचा पाय त्या भातावर पडला. मी तिला घरात ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिलाच कवटाळून रडत बसले.

आमच्या मजल्यावर दोनच घरं उघडी. आमचं आणि समोरच्या झुंबरबाईंचं. त्या पाथर्डीकडच्या. नवरा नाही, मूलबाळ नाही, भाच्याच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. राही आजारी पडल्यापासून रोज दारातून विचारायच्या, "पोरगी कशी हाय?" ते विचारणं मला आता टोचायला लागलं होतं.

वर येऊन मी त्यांचं दार बडवलं.

"माझ्या लेकीच्या मुळावर का उठलात?"

त्या बाहेर आल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून त्या भाताकडे.

"हे म्या न्हाई ठिवलं," त्या म्हणाल्या. "आन ही करनी बी न्हाई, बाई. हा उतारा हाय. आजारी मानसावरनं उतरवून तिठ्यावर ठिवत्यात, त्याचं दुखनं निगून जावं म्हनून. हितं जिना, लिफ्ट आन बोळ, तीन वाटा मिळत्यात. आपल्याच जिवाच्या मानसासाठी करत्यात हे. पर करनाऱ्याला येत न्हाई. काजळ न्हाई लावलं, लिंबू बी कसं बी कापलंय."

चोराच्या उलट्या बोंबा, असंच मला वाटलं. मी नको ते बोलले. वांझ हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून गेला. झुंबरबाईंनी हळूच दार लावून घेतलं.

राही झोपेतच होती. तिच्या वहीचं पान फाडून मी तक्रार लिहिली आणि ती घेऊन पुन्हा काकांपुढे उभी राहिले.

"हा घ्या तुमचा अर्ज. यावर सही करा. पोलीस चौकीत चाललेय. झुंबरबाईंचं नाव घातलंय."

काकांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"त्या बाईचं नाव खोड," ते म्हणाले.

"का म्हणून?"

"आत ये."

टीव्ही चांगला चालू होता. कॅमेराही. काकांनी तासाभरापूर्वीचं चित्र लावलं. आमच्या मजल्यावरचा पॅसेज, आमचं दार. दार उघडलं आणि रविराज बाहेर आला. त्याच्या हातात कागदाची डिश होती. मला वाटलं, आधीच कुणी ठेवलेली तो उचलून फेकायला निघालाय. त्याने ती लिफ्टसमोर खाली ठेवली. हसत हसत तळहातावर कापूर जाळणाऱ्या माणसाला तो पेटवायला तीन काड्या लागल्या. मग त्याने हात जोडले. समोर देव नव्हता, भिंत होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो खाली बसला, शर्टाची बाही तोंडात कोंबली आणि त्याचे खांदे हलायला लागले. चित्राला आवाज नव्हता. मी तेव्हा दहा पावलांवर कणीक मळत होते.

"पहिल्या दिवशीच मला दिसला," काका म्हणाले. "विचारलं तर पाया पडला. रुपालीला कळू देऊ नका, एवढंच म्हणाला. पुढचं त्यालाच विचार, पोरी."

विचारायचं काय राहिलं होतं? पंधरा वर्षं ज्याने या सगळ्याची टर उडवली, तो माणूस दहीभात घेऊन तिठ्यावर का जाईल, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

घरी आले तेव्हा तो औषध घेऊन परतला होता. राहीच्या कपाळावरची पट्टी बदलत होता.

"रिपोर्ट दे," मी म्हणाले.

कुठला, असं त्याने विचारलं नाही. प्रयोगाच्या सामानाची पिशवी काढली आणि कापराच्या डब्याखालून पाकीट ओढलं. तारीख आठ दिवसांपूर्वीची होती. इंग्रजीत बरंच काही होतं, मला त्यातलं एकच कळलं. ब्लड कॅन्सर.

"शाळेच्या कामाला म्हणून दोनदा पुण्याला गेलो, ते बेडसाठी," तो म्हणाला. "सोमवारी ॲडमिट करायचंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"प्रयत्न करू म्हणाले."

मला त्याच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. राहीने डोळे उघडून पाणी मागितलं. मी तिला पाजलं, तर ग्लासच्या कडेला रक्त लागलं.

काकांकडून परत आणलेली तक्रार मी फाडून टाकली आणि समोरचं दार वाजवलं. या वेळी हळू. बऱ्याच वेळाने झुंबरबाईंनी उघडलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. माफी मागायला माझं तोंड उघडेना.

"मावशी, तो उतारा आमचाच होता," मी म्हणाले. "आम्हाला येत नाही. तुम्ही काढा."

त्या आत गेल्या आणि काजळाची डबी घेऊन बाहेर आल्या.

"भात हाय का केलेला?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या आधी आमच्या घरात शिरल्या.