न उतरणारा पारा

मी एक जुना थर्मामीटर आहे. मित्रांनो, या चर्चच्या आवारात माझ्याइतका विश्वास दुसऱ्या कोणावरही ठेवला गेला नाही. देवाकडे लोक रविवारी पाहत, माझ्याकडे रोज येता-जाता पाहत. एक बारीकशी गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. मी प्लायवूडचा आहे आणि माझ्यातला पारा म्हणजे लाल ऑइलपेंट. आजवर मी कोणाचाही ताप मोजलेला नाही.

माझा जन्म फादरांच्या कपाटातून झाला. कपाटाला वाळवी लागली, तेव्हा चर्चची रंगकामं करणाऱ्या पेंटरने त्याची पाठ तेवढी वाचवली. तिला पांढरा रंग दिला, मधोमध लांब नळी काढली, खाली गोल फुगा, बाजूला रेघा, आणि सगळ्यात वर झोकदार अक्षरांत लिहिलं, 'संकल्प पूर्ण'. मग मला फाटकाशेजारी दोन लोखंडी खांबांवर उभं केलं. कल्पना फादरांची होती. ते म्हणाले, "लोकांना आकडे कळत नाहीत. उंची कळते."

चर्चसाठी जमलेल्या देणग्यांची उंची मी दाखवायची. पद्धत सोपी होती. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की फादर पायरीवर येऊन बोटं वर करत. दोन बोटं म्हणजे दोन रेघा. पेंटर शिडी लावून तेवढा लाल रंग चढवी आणि अंगणातले लोक टाळ्या वाजवत. आधी छपराचा निधी झाला, मग बाकांचा, मग घंटेचा. दर वेळी पेंटर मला खरवडून पुन्हा पांढरा करी. त्या दिवसांत माझी फार वाहवा झाली. दुसऱ्या चर्चची माणसं येऊन माझी मापं घेऊन जात.

आमचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या पैशावर बोट ठेवून बसलेला माणूस, पण फादरांपुढे नोटा मोजायची त्यांना लाज वाटे. धर्मगुरूकडे हिशेब मागायचा म्हणजे काय, आईला दुधाचं माप विचारायचं? कोणी विचारलं, "काका, किती जमले हो?" की ते म्हणत, "थांबा, बघून सांगतो." मग खिडकीपाशी जात, पडदा बाजूला सारत आणि माझ्याकडे बघत.

माझ्यात पारा वर चढवायची सोय होती. खाली उतरवायची कोणाला सुचली नव्हती.

मग पेंटरच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि सोबत एक आकडाही सांगितला. तो ऐकून चांगल्या झडपेची माणसंही खाली बसली असती. फादरांनी वेदीवरून आवाहन केलं, "ज्याने आपल्या सगळ्या संकल्पांचा पारा चढवला, त्याच्यासाठी आता आपण उभं राहायचं." पुढच्या बाकांवरच्या बायकांनी डोळे पुसले. पुरुषांनी खिशात हात घातले. एका आजींनी बांगडी काढून दिली.

आता मला नव्याने रंगवायचं कोणी, हा प्रश्न आला. बाहेरचा पेंटर मजुरी मागणार, आणि रुग्णाच्या निधीतून मजुरी देणं कोणालाच बरं दिसेना. तेव्हा ते काम पेंटरनेच केलं. खालच्या फुग्याच्या जागी त्याने लाल हृदय काढलं. शिडी धरणाऱ्यांना म्हणाला, "स्वतःचा पारा स्वतः चढवणारा पेशंट डॉक्टरनं पाहिला नसेल."

दर रविवारी फादर बोटं दाखवत आणि पेंटर शिडी चढे. मधल्या पायरीवर बसून दम घेई, डबा मांडीवर धरून. खालून बांगडीवाल्या आजी ओरडत, "हळू रे बाबा. पडलास तर हाडांसाठी वेगळी पाटी उभी करावी लागेल." सगळे हसत. पेंटरही हसे, पण त्याला हसून झालं की पुन्हा दम घ्यावा लागे. पुढे त्याला शिडी जमेना. मग तो खाली खुर्चीत बसे आणि त्याची बायको चढे. तिची रेघ सुरुवातीला वाकडी येई. थोड्याच रविवारांत ती सरळ येऊ लागली.

एका रविवारी लाल रंग वरच्या अक्षरांना टेकला. टाळ्या थांबेनात. पेंटरची खुर्ची माझ्याखाली आणली, फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो निघाला. धर्मप्रांताच्या मासिकात तो पहिल्या पानावर छापून आला. त्यात मी फार छान आलो आहे.

दोन-तीन दिवसांनी पेंटरची बायको ऑफिसात गेली. ऑफिसची खिडकी माझ्याकडेच उघडते, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"फादर, हॉस्पिटलवाले शुक्रवारच्या आत पैसे भरा म्हणालेत. नाहीतर तारीख दुसऱ्याला देतील."

"भरू की. एवढी घाई कशाला?"

"मला घाई नाही, फादर. त्यांच्या झडपेला आहे."

"अगं, पैसे मुदत ठेवीत आहेत. आत्ता मोडले तर व्याज बुडतं. ते व्याज गरिबांचंच ना शेवटी?"

"मग आम्ही कोण?"

"तुम्हाला आता काय कमी आहे?" फादर प्रेमाने म्हणाले. "तुमचा संकल्प पूर्ण झाला."

ती खजिनदार काकांकडे वळली. "काका, तुम्ही तरी सांगा. पैसे आहेत ना?"

काका उठले. पडदा बाजूला सारून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पूर्ण दिसतायत," ते म्हणाले.

शुक्रवार गेला. तारीख दुसऱ्याला मिळाली. त्याच आठवड्यात फादरांची नवी गाडी आली, पांढरीशुभ्र, आत थंडगार हवा. आजारी माणसांपर्यंत लवकर पोचता यावं म्हणून ती घेतली असं लोक म्हणत, आणि ते खरं निघालं. पेंटरला मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावायला फादर त्याच गाडीतून गेले. अगदी वेळेत पोचले. गाडी खरोखरच चांगली होती.

अंत्यविधीला फादर फार सुंदर बोलले. "आपण कुठे कमी पडलो नाही. बाहेर जाऊन पाहा, पारा वरच्या रेघेला आहे. पण देवाचा संकल्प वेगळा होता." लोक बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर पेंटरच्या बायकोने शिडी आणली. हातात पांढऱ्या रंगाचा डबा. ती वर चढली आणि वरून खाली रंग लावू लागली. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पारा उतरताना कोणी कधी पाहिला नव्हता.

"काय करतेस गं?" खजिनदार काकांनी विचारलं.

"उतरवतेय. पैसे संपले ना?"

"कशावर संपले?"

"ते मला कसं कळणार, काका? मीपण तुमच्यासारखी पाटीच वाचते."

काकांनी गाडीकडे पाहिलं आणि घाईघाईने बुटांकडे पाहिलं. अंगणातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं, त्याच क्रमाने. ती हृदयापर्यंत खाली आली आणि त्यावरूनही ब्रश फिरवला. मग डबा बंद करून शिडी खांद्यावर टाकून निघून गेली.

ती फाटकाबाहेर पडल्यावर लोकांना कंठ फुटला. चर्चच्या मालमत्तेला रंग फासला. फादरांच्या तोंडावर असं करायचं? आजी म्हणाल्या, "नवरा गेला, आता डोकंही चाललं बिचारीचं." बांगडीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

पण मासिकातला फोटो बिशपांनी पाहिला होता, आणि फोटोतला माणूस वारल्याचंही त्यांच्या कानावर गेलं. चौकशीला तीन जणांची समिती आली. त्यांनी कॉफी घेतली. 'निधी जमल्याचा पुरावा काय?' असं खजिनदार काकांना विचारलं. काका त्यांना खिडकीपाशी घेऊन गेले आणि त्यांनी पडदा सारला. मी पांढराफटक उभा होतो.

"मागच्या रविवारपर्यंत होते," काका म्हणाले.

समितीने गाडीतही बसून पाहिलं. शेवटी असं ठरलं की निधी अनवधानाने वाहनात गेला, वाहन देवाच्या कामाचं आहे, आणि यापुढे पाटीला काच बसवावी, म्हणजे कोणी परस्पर रंग लावणार नाही. फादरांची बदली झाली. मोठं चर्च, मोठं अंगण, गाडी उभी करायला पक्कं छप्पर. पेंटरच्या बायकोला समितीने सहानुभूतीचे दोन शब्द कळवले. दोनच होते.

काच काही बसली नाही. आज मी मागच्या भिंतीला, संडासाशेजारी टेकून उभा आहे. पावसाने माझे पदर सुटले आहेत आणि कपाटातली जुनी वाळवी पत्ता शोधत परत आली आहे. मित्रांनो, प्लायवूडची काळजी घ्या. त्याला ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा रंगाचा हात द्या. आणि कोणी टाळ्या वाजवायला सांगितल्या, तर आधी पाटीच्या मागे काय आहे ते बघून या. माझ्या मागे कपाटाचे खिळे होते. ते पाहायला कोणीही आलं नाही.

माझ्यावर अजून थोडा लाल रंग दिसतो, पण तो पेंटरचा नाही. फादर निघाले तेव्हा त्यांना निरोपाची भेट द्यायचं ठरलं आणि त्यासाठी मला शेवटचं वापरलं. तो पारा एकाच रविवारी वरपर्यंत गेला. रंगवायला पेंटरच्या बायकोलाच बोलावलं होतं, कारण नवऱ्याचे ब्रश आता तीच चालवते. मजुरी तिने आधी घेतली आणि मोजून घेतली.