मतभेदाला वाव

आघाडीच्या अंतर्गत बैठकीत भाषण संपवून वकील खाली बसले, तेव्हा टाळ्या वाजत होत्या. सर्वांत जोरात वाजवत होते ते आघाडीचे अध्यक्ष. त्यांच्याच ठरावाच्या वकिलांनी नुकत्याच चिंधड्या उडवल्या होत्या.

"याला म्हणतात विरोध!" अध्यक्ष म्हणाले. "नगरसभेत समोरच्या बाकांवर बसणाऱ्यांना जन्मात जमायचा नाही. आणि लोक म्हणतात, आपल्या परंपरावाद्यांत मतभेदच नसतात!"

"वकीलसाहेबांचं ऐकलं की वाटतं, ठराव मागेच घ्यावा," उपाध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. वकीलही हसले.

तीन पक्षांच्या या आघाडीत वकिलांचा पक्ष सर्वांत लहान, चार सदस्यांचा. परंतु त्या चार मतांवाचून उद्या नगरसभेत एकही ठराव तरला नसता. जुन्या वस्तीतले प्रसूतिगृह बंद करण्याचा हा ठरावही नाही. मात्र आत मनसोक्त भांडावे आणि बाहेर एकमुखाने मत द्यावे, हा आघाडीचा नियम होता. त्याचा मसुदा नऊ वर्षांपूर्वी वकिलांनीच केला होता, आणि त्यातला एकही शब्द आजवर बदलावा लागला नव्हता.

चिटणिसांनी उद्याचा पक्षादेश पुढे सरकवला: चारही सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मतदान करावे. वकिलांनी तो दोनदा वाचला. तारीख चुकली होती. ती सुधारून त्यांनी पक्षाचे गटनेते म्हणून खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

"तुमचं भाषण छापू या," अध्यक्ष म्हणाले. "हजार प्रती काढू."

"प्रुफं मी तपासेन."

बाहेर व्हरांड्यात त्यांची धाकटी बहीण उभी होती. ती त्या प्रसूतिगृहाची मेट्रन. ड्यूटी संपवून गणवेशातच आली होती.

"टाळ्या ऐकल्या मी," ती म्हणाली. "टळलं ना, दादा?"

"छापणार आहेत."

"काय?"

"भाषण."



"आणि मत?"

"अगं, नियम आहे तो. माझाच आहे."

तिने मान हलवली. आवाज चढवला नाही.

"बरं. पुढच्या महिन्यासाठी एकोणीस बायकांनी नावं घातलीत. त्यांना कुठं पाठवू, एवढं आत विचारून ये. मी थांबते."

वकील परत आत गेले. पुढचा विषय सुरू झाला होता, बाजारपेठेतल्या दिव्यांचा. ते खुर्चीकडे वळलेच नाहीत. टेबलाच्या टोकाशी उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला.

"आले!" अध्यक्षांचा चेहरा खुलला. "आता दिव्यांनाही विरोध? बोला, वकीलसाहेब, बोला. आपल्याकडे कुणी कुणाचं तोंड धरत नाही."

खोलीत प्रेमळ हशा पिकला. कोणीतरी पाण्याचा पेला त्यांच्यासमोर सरकवला. चिटणिसांनी कोरे पान काढले, वर दिव्यांचा विषय लिहिला, त्याखाली वकिलांचे नाव लिहिले, आणि पेन टेकवून ते वाट पाहू लागले.